नक्कल करणाऱ्याला हरवायचे कसे?

समजा तुम्ही पुरुषोत्तमनगरला राहता. नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ साखर कारखान्याभोवती वाढलेले हे गाव. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेला तापी. गळिताचा हंगाम चालू आहे. उसाने भरलेल्या गाड्या कारखान्याकडे चालल्या आहेत, आणि एका ओट्यावर तुम्ही व तुमचा मित्र मोबाइलवर मारामारीचा खेळ खेळत बसला आहात. तुमचा पहिलवान ठोसा मारतो. समोरचाही अगदी तसाच ठोसा मारतो. तुमचा पहिलवान उडी मारून लाथ घालतो. समोरचाही तीच लाथ घालतो. मित्र वैतागून म्हणतो, "अरे, हा तर आपलीच नक्कल करतोय! याला हरवणार कसे?"

प्रश्न खेळातला असला तरी पोरकट नाही. जो आपले प्रत्येक पाऊल जसेच्या तसे उचलतो त्याला हरवता येते का? की जिंकतो तोच? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला थोडे पदार्थविज्ञान लागेल, थोडे गणित लागेल, आणि हो, थोडा ऊसही लागेल!

पडद्यावरचे बहुरूपी

समोरच्याचे बळ उचलणारा लढवय्या ही कल्पना आपल्याला नवी नाही. वालीसमोर जो उभा राहील त्याचे अर्धे बळ वालीला मिळे, अशी कथा आजीकडून तुम्ही ऐकली असेल. म्हणून तर रामाला झाडाआडून बाण मारावा लागला. संगणकावरील खेळ तयार करणाऱ्यांनीही असे बहुरूपी पुष्कळ घडवले आहेत. 1992 साली अमेरिकेत निघालेल्या 'मॉर्टल काँबॅट' या खेळात शेवटी गाठ पडते ती शांग त्सुंग या मांत्रिकाशी. तो लढता लढता खेळातल्या दुसऱ्या लढवय्यांची रूपे घेतो. 1997 साली जपानमध्ये आलेल्या 'टेक्कन 3' मध्ये मोकुजिन नावाचा लाकडी पुतळा आहे. त्याला स्वतःची अशी लढण्याची पद्धतच नाही. दर फेरीला तो खेळातल्या कुणा एकाची पद्धत उचलतो. 1999 सालच्या 'स्ट्रीट फायटर 3' च्या तिसऱ्या आवृत्तीतला ट्वेल्व्ह हा तर थोडा वेळ प्रतिस्पर्ध्याचेच रूप धारण करतो.

पण नीट पाहा. यांपैकी कुणीही समोरच्याचा प्रत्येक ठोसा लगेच परत मारत नाही. ते समोरच्याचे किंवा इतरांचे डाव उसने घेतात. मात्र कोणता डाव केव्हा टाकायचा हे ते स्वतंत्रपणे ठरवतात. असे का? संगणकाला तर हुबेहूब नक्कल करणे सर्वांत सोपे असायला हवे. मग खेळ तयार करणाऱ्यांनी ती सोपी वाट का टाळली? याचे उत्तर एका साध्या पट्टीत दडलेले आहे.

पट्टीचा प्रयोग

मित्राला 30 सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबकळत ठेवायला सांगा. शून्याच्या खुणेपाशी तुमचा अंगठा आणि तर्जनी थोडी उघडी ठेवा. पट्टीला स्पर्श करू नका. मित्राने न सांगता पट्टी सोडायची आणि तुम्ही ती चिमटीत पकडायची. कितव्या सेंटिमीटरवर पकडली ते वाचा. खाली पडणाऱ्या वस्तूचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे: अंतर म्हणजे गुरुत्वत्वरणाची निमपट गुणिले काळाचा वर्ग. त्यावरून पट्टी किती वेळ पडत होती ते निघते. 15 सेंटिमीटरवर पकडली तर सुमारे 0.17 सेकंद, 20 सेंटिमीटरवर पकडली तर 0.20 सेकंद, 25 वर 0.23 सेकंद. बहुतेकांचा वेळ याच्याच आसपास येतो. डोळ्याने पाहिले, मेंदूने जाणले, स्नायूला आज्ञा गेली आणि बोटे मिटली. एवढ्या प्रवासाला लागणारा हा काळ. याला प्रतिक्रियाकाल म्हणतात. कितीही सराव केला तरी तो शून्य होत नाही.

आता पडद्याकडे या. मारामारीच्या अशा खेळांत पडद्यावर साधारणपणे सेकंदाला 60 चित्रे येतात. म्हणजे 0.20 सेकंदात 12 चित्रे निघून जातात. 'टेक्कन' मधला नेहमीचा झटपट ठोसा कळ दाबल्यापासून दहाव्या चित्राला लागतो. म्हणजे समोरच्याचा ठोसा सुरू झालेला तुमच्या लक्षात येऊन तुमचे बोट हलेपर्यंत ठोसा बसलेलासुद्धा असतो! त्याची नक्कल करायची म्हटली तर 12 चित्रे प्रतिक्रियेत गेली, पुढची 10 हात लांब करण्यात. म्हणजे तुमचा ठोसा बाविसाव्या चित्राला पोचणार. माणसाची नक्कल फसते ती इथे.

"पण संगणकाला डोळे कुठे लागतात?" असे तुम्ही विचाराल. बरोबर आहे. तुम्ही कोणती कळ दाबली हे संगणकाला थेट कळते. तो पुढच्याच चित्राला तुमची नक्कल सुरू करू शकेल. मग हिशेब असा होतो: तुमचा ठोसा दहाव्या चित्राला लागणार आणि त्याचा अकराव्याला. पण दहाव्या चित्राला ठोसा बसताच त्याचा चालू डाव मोडतो आणि त्याचा ठोसा हवेतच राहतो. म्हणजे माणसाहून कितीतरी चपळ असलेले यंत्रसुद्धा निव्वळ नक्कल करील तर मार खाईल. केवळ एका चित्राने, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाने, पण खाईलच! नकलेपूर्वी अस्सल असावेच लागते, म्हणून नक्कल नेहमी मागून येते. जिथे आधी पोचणारा जिंकतो तिथे ती हरणारच.

आता गंमत पाहा. त्याच यंत्राने तीच माहिती घेऊन ठोशाऐवजी हात आडवा धरला असता तर? तर ठोसा अडला असता. समोरच्याने काय केले ते कळणे निराळे आणि तेच आपण करणे निराळे. आपल्या कुस्तीतला कोणताही वस्ताद हे सांगेल. ढाक असो, कलाजंग असो की धोबीपछाड, प्रत्येक डावाला तोड असते. आणि तोड म्हणजे तोच डाव नव्हे.

दगड, कागद, कात्री

नक्कल करणाऱ्याचा दुसरा एक दोष वर्गात पाच मिनिटांत दाखवता येतो. दोघांनी 'दगड, कागद, कात्री' खेळा. दगड कात्री मोडतो, कात्री कागद कापते, कागद दगड झाकतो. एकाने नियम पाळायचा: समोरच्याने मागच्या खेपेला जे दाखवले तेच आता आपण दाखवायचे. दुसऱ्याने मागच्या खेपेला दगड दाखवला असेल तर त्याला ठाऊकच आहे की आता समोरून दगड येणार. मग तो कागद दाखवतो आणि जिंकतो. पुढच्या खेपेला समोरून कागद येणार. तो कात्री दाखवतो. पुन्हा जिंकतो. नक्कल करणारा प्रत्येक खेपेला हरतो, कारण आपला पुढचा डाव काय हे तो आधीच जाहीर करून बसलेला असतो.

ओट्यावरच्या मित्राला आता उत्तर देता येईल. लांबूनच एक मोठी, सावकाश चालणारी लाथ हवेत मार. नकलाकारही तशीच लाथ हवेत मारील, पण तुझ्यानंतर. तुझा पाय आधी जमिनीवर येईल, त्याचा अजून हवेत असेल. तेवढ्यात पुढे सरकून झटपट ठोसा मार.

नक्कल जिंकते तेव्हा

इथवर वाचून तुम्ही म्हणाल की नक्कल म्हणजे हमखास हार. थांबा! आता उसाचे करवे घ्या. सात करव्यांची एक रास आणि सात करव्यांची दुसरी रास करा. दोघांनी आळीपाळीने करवे उचलायचे. आपल्या पाळीला कोणत्याही एका राशीतून हवे तितके करवे उचलावेत, पण निदान एक तरी उचललाच पाहिजे. शेवटचा करवा ज्याच्या हाती लागेल तो जिंकला.

मित्राला पहिली पाळी द्या आणि तुम्ही त्याची नक्कल करा. त्याने डाव्या राशीतून तीन उचलले तर तुम्ही उजव्या राशीतून तीन उचला. त्याने उजवीतून एक उचलला तर तुम्ही डावीतून एक. तो कितीही डोके चालवो, जिंकणार तुम्हीच! कारण सोपे आहे. तुमची पाळी संपली की दोन्ही राशी नेहमी सारख्या असतात. त्याने एका राशीतून काही उचलले की दुसऱ्या राशीत तितके करवे तुमच्यासाठी असतातच. म्हणजे तुमच्यावर "आता उचलायला काही नाही" अशी पाळी कधीच येणार नाही. करवे तर संपत जाणार. तेव्हा अडणार तो तोच. राशी सातांच्या असोत की सातशेंच्या, निकाल बदलत नाही.

असाच दुसरा खेळ सपाट तळाच्या गोल ताटात खेळता येतो. एकाच मापाची नाणी आळीपाळीने ताटात ठेवायची. नाणे नाण्यावर चढता कामा नये आणि ताटाबाहेर जाता कामा नये. ज्याला जागा मिळणार नाही तो हरला. या खेळात पहिली पाळी तुम्ही घ्या आणि पहिले नाणे ताटाच्या बरोबर मध्यबिंदूवर ठेवा. त्यानंतर मित्र जिथे नाणे ठेवील, मध्यबिंदूतून सरळ रेषा काढून तिच्यावर तेवढ्याच अंतरावर पलीकडे तुम्ही नाणे ठेवा. त्याला जागा मिळाली तर समोरची तशीच जागा तुम्हाला मिळणारच. ज्या जागेची जोडी तिच्याशीच लागते अशी एकच जागा ताटात होती, ती म्हणजे मध्य. आणि ती तुम्ही आधीच अडवली आहे.

या दोन्ही खेळांत नक्कल का जिंकली? पहिले कारण, पाळ्या ठरलेल्या आहेत. घाईने आधी पोचण्याचा प्रश्न नाही. दुसरे, खेळाची मांडणी सममित आहे, म्हणजे आरशातल्यासारख्या तिच्या दोन बाजू सारख्या आहेत. तिसरे कारण फार महत्त्वाचे आहे: समोरच्याची खेळी तुमच्या बाजूची नक्कल बिघडवू शकत नाही. त्याने डाव्या राशीतले करवे उचलले म्हणून उजव्या राशीतले कमी होत नाहीत.

हे तिसरे कारण नसेल तर काय होते ते बुद्धिबळात पाहा. पटाची मांडणी अगदी सममित, पाळ्याही ठरलेल्या. मग काळ्याने पांढऱ्याची नक्कल केली तर? पट मांडून खेळून पाहा. पहिली खेळी: पांढरा वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे सरकवतो, काळाही तेच करतो. दुसरी: पांढरा वजीर सरळ पुढे येऊन आपल्या प्याद्याच्या मागे उभा राहतो, काळा वजीरही तसाच. तिसरी: पांढरा वजीर त्याच आडव्या ओळीतून राजाच्या बाजूला पटाच्या कडेपर्यंत जातो, काळा वजीरही तसाच जातो. चौथी: पांढरा वजीर तिरपा निघतो आणि काळ्याचा वजिराच्या बाजूचा उंट मारतो. शह आणि मात! काळ्या राजाला हलायला घर नाही, मध्ये घालायला मोहरे नाही, पांढऱ्या वजिराला मारील असेही कुणी नाही. काळ्याला पांढऱ्याचा उंट मारून नक्कल पुरी करायची होती, पण त्याची पाळी येण्यापूर्वीच डाव संपला. चार खेळ्यांत खेळ खलास! इथे एकाची खेळी दुसऱ्याच्या राजापर्यंत पोचते, म्हणून आरसा फुटतो.

जशास तसे

आता यापुढचा टप्पा. आतापर्यंतच्या खेळांत एक जिंकला की दुसरा हरणार हे ठरलेले होते. पण जगात सगळेच व्यवहार असे नसतात. महाराष्ट्राच्या अनेक भागांत शेतकरी सावड करतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. आज मी तुझ्या शेतात राबायला येतो, उद्या तू माझ्या शेतात ये. दोघेही आले तर दोघांचे काम होते. एक राबला आणि दुसरा आलाच नाही, तर न येणाऱ्याचा फायदा आणि राबणाऱ्याचे नुकसान. दोघांनीही अंग चोरले तर दोघांचीही कामे रखडतात. अशा वेळी कसे वागणे शहाणपणाचे?

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातले रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी हा प्रश्न संगणकावर सोडवायचे ठरवले. त्यांनी जाणकारांना आज्ञावल्या पाठवायला सांगितले आणि त्यांची स्पर्धा लावली. तिचा वृत्तांत 1980 साली प्रसिद्ध झाला. दोघांनी सहकार्य केले तर प्रत्येकी 3 गुण; दोघांनी दगा दिला तर प्रत्येकी 1; एकाने दगा दिला आणि दुसऱ्याने सहकार्य केले तर दगाबाजाला 5 आणि दुसऱ्याला 0. प्रत्येक जोडीने 200 फेऱ्या खेळायच्या. चौदा आज्ञावल्या आल्या. त्यांत लांबलचक आणि धूर्त अशाही होत्या. पण पहिली आली ती सर्वांत छोटी आज्ञावली. ती टोरांटोचे अनातोल रापोपोर्ट यांनी पाठवली होती. तिचा नियम एवढाच: पहिल्या फेरीत सहकार्य करा, त्यानंतर समोरच्याने मागच्या फेरीत जे केले तेच करा. म्हणजे निव्वळ नक्कल! आपल्या भाषेत 'जशास तसे'. ॲक्सेलरॉड यांनी हा निकाल सर्वांना कळवून पुन्हा स्पर्धा घेतली. या वेळी 62 आज्ञावल्या आल्या. पुन्हा 'जशास तसे' च पहिली!

दगड-कागद-कात्रीत प्रत्येक खेपेला हरणारी नक्कल इथे पहिली कशी आली? कारण तिचा दोषच इथे गुण ठरला. तिचे पुढचे पाऊल समोरच्याला आधीच कळते. "मी चांगला वागलो तर हा चांगला वागेल, मी दगा दिला तर हाही देईल," हे ओळखून समोरचा सरळ वागू लागतो. आणखी एक नवल पाहा: 'जशास तसे' ला कोणत्याही एका जोडीत समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळूच शकत नाहीत. फार तर बरोबरी होते. कुणालाही न हरवता ती सर्वांच्या पुढे गेली, कारण तिच्याशी खेळणाऱ्या पुष्कळांचे भले झाले आणि त्यांच्याबरोबर तिचेही.

मात्र या नकलेतही एक धोका आहे. समजा 'जशास तसे' वागणारे दोघे शेजारी आहेत. एक दिवस एकाला ताप आला, म्हणून तो सावडीला गेला नाही. दुसऱ्याला वाटले, याने दगा दिला. पुढच्या खेपेला तोही गेला नाही. मग पहिल्याने त्याची नक्कल केली, नंतर दुसऱ्याने पहिल्याची. चूक एकदाच झाली, पण तिची नक्कल होत राहिली! वर्गातली पुष्कळ भांडणे अशीच चालतात, नाही का? मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमंड या दोघांनी 1992 साली दाखवले की जिथे अशा चुका होत राहतात तिथे जरा उदार 'जशास तसे' अधिक चांगले टिकते. म्हणजे चांगल्याला नेहमी चांगले, पण वाईटाला अधूनमधून क्षमा. तेव्हा भांडण तोडायचे असेल तर दोघांपैकी एकाने एक वेळ तरी नक्कल थांबवली पाहिजे.

तुमच्यासारखे खेळणारे भूत

अलीकडे मारामारीच्या खेळांत नकलेचा निराळाच प्रकार आला आहे. 2024 साली निघालेल्या 'टेक्कन 8' मध्ये संगणक तुमचा खेळ पाहून तुमच्यासारखे खेळणारे एक 'भूत' तयार करतो आणि ते तुमच्याशीच लढू शकते. हे भूत तुमचा मागचा ठोसा परत मारत बसत नाही. ते तुमच्या सवयी उचलते. असे करता येते कसे, ते तुम्ही वहीतही करून पाहू शकता. मित्राशी दगड-कागद-कात्री शंभर वेळा खेळा आणि प्रत्येक वेळी लिहून ठेवा: हरल्यावर तो काय दाखवतो? जिंकल्यावर तेच पुन्हा दाखवतो का? मग त्या तक्त्यावरून त्याची पुढची खेळी ओळखून पाहा. तीनांत एकापेक्षा जास्त वेळा तुमचा अंदाज खरा ठरला, तर त्याच्या सवयी तुमच्या वहीत उतरल्या म्हणायचे. त्याला यातून सुटायचे असेल तर एकच उपाय: फासा टाकून जे येईल ते दाखवायचे. ज्याला सवयच नाही त्याची नक्कल कशी करणार?

आणि अशा भुताशी लढण्याचा एक फायदाही आहे. आपण कुठे चुकतो हे आपल्याला सहसा दिसत नाही; पण आपलीच चूक समोरून येताना पाहिली की चटकन दिसते. तेव्हा ओट्यावरच्या मित्राला सांगा, वैतागू नकोस. समोरचा तुझ्यासारखाच लढत असेल तर आधी त्याला नीट पाहून घे.

जाता जाता एक कोडे. उसाच्या करव्यांच्या दोन राशी आहेत. एकीत सात करवे, दुसरीत पाच. नियम मघाचेच. पहिली पाळी तुम्ही घ्याल की मित्राला द्याल? आणि घेतलीत तर पहिल्या पाळीला काय कराल? उत्तर सापडले की करवे दोघांनी मिळून खाऊन टाका!